आयकराचा फॉर्म आता पुरावा मागतो

जून महिना लागला की कामगार-कर्मचाऱ्यांच्या वसाहतींतून दोन प्रकारची माणसे फिरू लागतात. एक वह्या-पुस्तके विकणारे, आणि दुसरे "साहेब, रिफंड काढून देतो" म्हणणारे. पहिल्यांमुळे मुलांची सोय होते. दुसऱ्यांमुळे काय होते, हे आपल्यापैकी बऱ्याच घरांना आता कळू लागले आहे. पालिकेचा सफाई कामगार असो, रेल्वेचा गँगमन असो, शाळेतली शिक्षिका असो की आमच्यासारखा कचेरीतला कारकून असो, आयकराचा फॉर्म म्हटला की तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि सही करायची, अशी आपली जुनी सवय. आता तर सहीही लागत नाही, मोबाईलवर आलेला आकडा सांगितला की काम झाले! आणि म्हणूनच वाचक बंधू-भगिनींनो, या फॉर्ममध्ये काय काय बदलले आहे ते घरातल्या सर्वांनी मिळून एकदा समजून घेणे जरुरीचे झाले आहे.

मी बी.कॉम. होऊन कारकुनीला लागलो तेव्हा 'सरल' नावाचा एक पानाचा फॉर्म होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो आला. नावाप्रमाणे तो सोपा होता, पण त्यासोबत फॉर्म १६, विम्याच्या पावत्या, पोस्टाच्या सर्टिफिकेटांच्या प्रती असा गठ्ठा टाचणी लावून द्यावा लागे. २००७ पासून नवे फॉर्म आले आणि जोडपत्रे बंद झाली. कागद जोडायचा नाही, फक्त आकडा लिहायचा. पुढे २०११ साली पगारदारांसाठी 'सहज' आला. २०१५ मध्ये चौदा पानी फॉर्म काढून परदेश प्रवास आणि सगळी बँक खाती विचारली गेली, तेव्हा देशभर ओरड झाली आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. २०१७ मध्ये 'सहज' पुन्हा एका पानावर आला.

या साऱ्या काळात एक गोष्ट मात्र घडत गेली. कागद जोडायचा नाही म्हणजे कागद लागतच नाही, असा समज पसरला. ८०सी मध्ये दीड लाख लिहा, घरभाडे लिहा, देणगी लिहा, कोण बघतो? या "कोण बघतो"वरच एजंट मंडळींचा धंदा उभा राहिला.

आता बघतात. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात दीडशेहून अधिक ठिकाणी तपासणी केली, ती मोठ्या कारखानदारांकडे नव्हे तर फॉर्म भरून देणाऱ्या मध्यस्थांकडे. खात्याने त्यावेळी जाहीर केले की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या वजावटी मागे घेतल्या. मध्यस्थांची एक युक्तीही खात्याने सांगितली. ते शेकडो लोकांचे फॉर्म भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते काढतात आणि हंगाम संपला की ते टाकून देतात. नोटीस येते ती त्या पत्त्यावर. ज्याच्या नावाची नोटीस, त्याला पत्ताच नसतो!

माझ्या ओळखीच्या एका पालिका कर्मचाऱ्याचे असेच झाले. एजंटाने चाळीस हजारांचा परतावा मिळवून दिला आणि त्यातला चौथा हिस्सा स्वतः ठेवला. त्या पैशांत घराचे पत्रे बदलले, मुलीची फी भरली. दोन वर्षांनी खात्याचे पत्र आले तेव्हा एजंटाचा फोन बंद. कायद्याचा हिशेब असा आहे की चुकीची माहिती देऊन कर बुडवला असे ठरले, तर बुडवलेला कर, त्यावर व्याज, आणि शिवाय कराच्या दुप्पट म्हणजे दोनशे टक्के दंड लागू शकतो. चाळीस हजारांवर ऐंशी हजार दंड. एजंटाने नेलेले दहा हजार कोणी परत आणून देत नाही. "मी काही लिहिलेच नव्हते, त्यानेच लिहिले" हे म्हणणे तिथे चालत नाही, कारण विवरणपत्र आपल्या पॅनवर आणि आपल्या नावाने गेलेले असते.

फॉर्ममध्ये काय विचारतात?

कर निर्धारण वर्ष २०२५-२६ साठी जे फॉर्म आले त्यांत मोठा बदल झाला. जुन्या कर पद्धतीत वजावट मागणाऱ्याला नुसता आकडा लिहून भागत नाही. ८०सी साठी विमा पॉलिसीचा किंवा संबंधित कागदाचा क्रमांक द्यावा लागतो. ८०डी साठी आरोग्य विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक. घरभाडे भत्त्यासाठी नोकरीचे ठिकाण, मूळ पगार व महागाई भत्ता, प्रत्यक्ष मिळालेला भत्ता आणि प्रत्यक्ष दिलेले भाडे. घरकर्जाच्या व्याजासाठी कर्ज कोणाचे, खाते क्रमांक कोणता, मंजुरी कधीची, बाकी किती. राजकीय पक्षाच्या देणगीसाठी तर तारीख, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी क्रमांक हे २०२४-२५ च्या फॉर्मपासूनच आले आहे. कागद अजूनही जोडायचा नाही, पण कागद हातात असल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

मला स्वतःला हा बदल वाईट वाटत नाही. ज्याचा विमा आहे, ज्याचे कर्ज आहे, त्याला क्रमांक लिहायला पाच मिनिटे लागतात. अडचण होते ती कागद न सांभाळणाऱ्याची, आणि आपल्या घरांत कागद सांभाळण्याचे काम बहुधा बायकांकडे असते. पत्र्याच्या पेटीत, पिशवीत, गादीखाली पॉलिसी, फीच्या पावत्या, बँकेचे दाखले त्यांनीच जपलेले असतात. तेव्हा फॉर्म भरायला बसताना घरातल्या ताईला, वहिनीला बरोबर घेऊन बसा. निम्मे क्रमांक त्याच काढून देतील.

मुलांच्या शिक्षणाच्या कर्जाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या समाजात आज शिकणाऱ्या मुलामुलींसाठी कर्ज काढणारे आईबाप खूप आहेत. ८०ई खाली वजावट मिळते ती फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. ती व्याज फेडायला सुरुवात केल्यापासून आठ वर्षेच मिळते. कर्ज बँकेचे, मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. कर्मचारी पतपेढीतून किंवा नातेवाइकांकडून घेतलेले कर्ज कितीही खऱ्या मनाने शिक्षणाला लावले असले तरी या रकान्यात बसत नाही. फॉर्म कर्जदाराला विचारतो की बँक कोणती, खाते कोणते, मंजुरीची तारीख काय. पतपेढीवाल्याकडे यांची उत्तरे असली तरी कायदा ती मान्य करत नाही.

विहाराची वर्गणी आणि ८०जी

जयंतीची वर्गणी, विहाराच्या बांधकामाचे दान, वसतिगृहाला दिलेली मदत, या पावत्या घेऊन "यावर टॅक्स वाचेल ना?" असे विचारणारे दरवर्षी भेटतात. दान दिले ते चांगलेच केले, पण सर्व दानावर करसवलत मिळत नाही. ज्या संस्थेला आयकर खात्याची ८०जी ची मान्यता आहे तिलाच दिलेले दान चालते. मंडळ नोंदणीकृत आहे, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो, एवढे पुरत नाही. दोन हजारांहून अधिक रोख रक्कम दिली तर तिची वजावट नाही. सिमेंटची पोती, तांदूळ, पंखे अशा वस्तूरूपाने दिलेले दानही या हिशेबात येत नाही. आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट मिळते.

२०२१-२२ पासून आणखी एक अट आली. दान घेणाऱ्या संस्थेने कोणी किती दिले याचे विवरण १०बीडी या नमुन्यात खात्याकडे भरायचे आणि देणाऱ्याला १०बीई हा दाखला द्यायचा. संस्थेने नाव कळवले नाही तर खात्याच्या संगणकावर आपले दान दिसत नाही. हे संस्थाचालकांनी लक्षात घ्यावे. आपल्या अनेक संस्था शिक्षणाचे मोलाचे काम करतात, पण खजिनदाराला हे नमुने माहीत नसतात आणि दात्याची वजावट अडकते.

येथे एक मुद्दा मुद्दाम सांगतो, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. निव्वळ धार्मिक कामासाठीच्या दानाला ८०जी लागू नाही, आणि एखाद्या विशिष्ट धर्माच्या वा जातीच्या हितासाठी असलेल्या संस्थेलाही ते नाकारले जाते. परंतु १९६१ च्या कायद्यातच असे स्पष्टीकरण दिलेले आहे की अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग किंवा स्त्रिया व मुले यांच्या हितासाठीची संस्था ही एका जातीसाठीची संस्था मानली जाणार नाही. म्हणजे मागासवर्गीय मुलींचे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला "तुम्ही एकाच जातीसाठी काम करता" असे म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. आपल्या संस्थांनी हे कलम वाचून अर्ज करावेत.

नवी पद्धत, जुनी पद्धत

आता गंमत अशी की वरच्या बहुतेक वजावटी ज्या जुन्या पद्धतीत आहेत, ती जुनी पद्धत आपल्यातल्या पुष्कळ लोकांना आता लागतच नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी पद्धत ही आपोआप लागू होणारी पद्धत झाली. आपण काही बोललो नाही तर हिशेब नव्या पद्धतीने होतो. तिच्यात ८०सी नाही, घरभाडे नाही, ८०जी नाही. मात्र दर कमी आहेत, आणि २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्याला सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट असल्याने पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. शेअर विकून झालेला भांडवली नफा आणि लॉटरी यांना ही सूट नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा २०२५-२६ मध्ये एखाद्या बंधूचा वर्षाचा पगार ९,६०,००० आहे. कार्यालयात त्याने जुनी पद्धत सांगितली होती. ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर आणि ८०सी चे पूर्ण दीड लाख वजा जाता करपात्र रक्कम राहते ७,५७,५००. त्यावर कर ६४,००० आणि चार टक्के उपकर २,५६०, एकूण ६६,५६०. एवढा टीडीएस कापला गेला. आता हाच बंधू विवरणपत्र भरताना नवी पद्धत निवडतो. ७५,००० वजा जाता राहतात ८,८५,०००. दराप्रमाणे कर होतो २८,५०० आणि तो सर्व सुटीत जातो. म्हणजे त्याचे ६६,५६० रुपये सरळ परत येतात, एकही खोटा शब्द न लिहिता! एजंट याच माणसाला खोटे भाडे आणि खोटी देणगी दाखवून यापेक्षा कमी परतावा मिळवून देतो, वर हिस्सा घेतो आणि नोटिशीची भेट देऊन जातो.

कार्यालयात जी पद्धत सांगितली तीच विवरणपत्रात ठेवावी लागते, हा गैरसमज आहे. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला दरवर्षी विवरणपत्रात निवड करता येते. अट एवढीच की ज्याला जुनी पद्धत हवी त्याने मुदतीत भरले पाहिजे. मुदत चुकली की नवी पद्धतच लागते. मोठे घरकर्ज असलेल्या, घरभाडे खरेच भरणाऱ्या आणि पगार पंधरा-सोळा लाखांच्या पुढे गेलेल्या जोडप्यांनी दोन्ही हिशेब करून पाहावेत. बाकीच्यांसाठी उत्तर बहुधा नव्या पद्धतीकडेच जाते.

पण "कर नाही, मग फॉर्म कशाला?" असे म्हणू नका. नव्या पद्धतीत उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरणे आवश्यक आहे, कर शून्य असला तरी. टीडीएस कापला असेल तर तो परत मिळवण्याचा दुसरा रस्ताही नाही. पगारदारांची नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै. २०२५ साली फॉर्ममधल्या बदलांमुळे ती १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी एक दिवस आणखी वाढली, म्हणून दरवर्षी वाढेलच या भरवशावर राहू नये. उशिराचे शुल्क पाच हजारांपर्यंत आहे. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर एक हजार.

एक आकडा, दोन वर्षे

सध्या सर्वांत जास्त गोंधळ वर्षाच्या नावाचा आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ लागू झाला. जुन्या कायद्यात उत्पन्नाचे वर्ष वेगळे आणि कर निर्धारणाचे वर्ष वेगळे. नव्या कायद्यात एकच 'कर वर्ष'. त्यामुळे '२०२६-२७' या आकड्याचे दोन अर्थ झाले आहेत. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या पगाराचे विवरणपत्र भरताना लिहायचे ते 'कर निर्धारण वर्ष २०२६-२७', आणि ते जुन्या कायद्याखाली. एप्रिल २०२६ पासूनच्या पगाराचे 'कर वर्ष २०२६-२७', आणि त्याचे विवरणपत्र २०२७ मध्ये. कर भरण्याचे चलन काढताना हे बारकाईने वाचा. कलमांचे आकडेही बदलले. आपल्या तोंडी बसलेले ८०सी नव्या कायद्यात १२३ झाले आहे. लोक अजून बरीच वर्षे ८०सीच म्हणतील, पूर्वी 'सरल' म्हणायचे तसे.

'सहज' कोणाला चालतो, हेही बघून घ्या. गावाकडे शेती आहे आणि तिचे उत्पन्न वर्षाला पाच हजारांपेक्षा जास्त आहे, तर 'सहज' चालत नाही, फॉर्म दोन घ्यावा लागतो. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही हे खरे, पण ते दाखवायचे असते. थोडे शेअर किंवा म्युच्युअल फंड असणाऱ्यांसाठी २०२५-२६ पासून एक सोय झाली. त्यांचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर 'सहज'मध्येच दाखवता येतो.

कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमच्या मायमाउलींचे फॉर्म मी विहारातल्या खोलीत बसून पुष्कळदा पाहिले आहेत. जवळजवळ प्रत्येकीचा आकडा पगाराच्या रकान्यात टाकलेला असतो. मालक हयात असताना जे त्यांचे निवृत्तिवेतन होते ते पगारात धरतात. ते गेल्यावर पत्नीला मिळते ते 'इतर उत्पन्न' असते. त्यातून एक तृतीयांश किंवा ठरावीक मर्यादा, यांपैकी कमी असेल तेवढी रक्कम वजा होते. ही मर्यादा जुन्या पद्धतीत १५,००० आणि नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून २५,००० आहे. प्रमाणित वजावट मात्र तिला नाही. निधन झाले त्या वर्षी मयताच्या नावाचे विवरणपत्रही वारसाला भरावे लागते. त्यासाठी आयकराच्या संकेतस्थळावर वारस म्हणून नोंद करावी लागते. दुःखात हे कोणाला सुचत नाही आणि मयताचा कापलेला टीडीएस तसाच पडून राहतो.

वेतन आयोगाची थकबाकी मिळालेल्यांनी १०ई हा नमुना विवरणपत्राच्या आधी भरावा. तो न भरता कलम ८९ ची सूट लिहिली तर ती नाकारली जाते. बँकेतल्या ठेवींचे व्याज, टीडीएस कापला नसला तरी, दाखवायचेच. २०२१ च्या नोव्हेंबरपासून खात्याच्या संकेतस्थळावर 'वार्षिक माहिती विवरण' मिळते. त्यात आपल्या पॅनवरचे व्याज, लाभांश, मोठे व्यवहार लिहिलेले असतात. फॉर्म भरण्याआधी ते उघडून बघा. आपल्याला जे आठवत नाही ते खात्याला आठवते. नवऱ्याने आपल्या पैशांतून पत्नीच्या नावाने ठेव ठेवली तर तिचे व्याजही नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

आता ज्यांच्या नावाने आधीच खोटी वजावट गेली आहे त्यांचे काय? घाबरून गप्प बसू नये. त्या वर्षाची मुदत बाकी असेल तर सुधारित विवरणपत्र भरता येते. ती गेली असेल तर 'अद्ययावत विवरणपत्र' आहे. २०२२ मध्ये हा रस्ता निघाला तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. २०२५ मध्ये ती चार वर्षांची केली. कर आणि व्याज भरायचे, आणि त्यावर जादा रक्कम पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. दोनशे टक्के दंडाच्या मानाने हे स्वस्त आहे, पण खात्याची नोटीस येण्याच्या आत केले तर.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. संकेतस्थळावर आपल्या पॅनने जाऊन तिथे मोबाईल आणि ई-मेल कोणाचा लिहिला आहे ते पाहा. एजंटाचा असेल तर बदलून आपला किंवा मुलाचा घाला, परवलीचा शब्दही बदला. विवरणपत्र पाठवल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने त्याची पडताळणी करावी लागते. ज्यांना हे जमत नाही त्यांनी पोचपावती सही करून त्याच मुदतीत बंगळूरुच्या केंद्रात पोहोचेल अशी टपालाने पाठवावी. पडताळणी राहिली तर भरलेला फॉर्म न भरल्यासारखाच होतो.

फॉर्म १६ कार्यालयाकडून १५ जूनपर्यंत मिळायला हवा. मिळाला नसेल तर लेखी मागा आणि त्या अर्जावर पोच घ्या.